जहाजाची कवडी

इंदूरला समुद्र नाही याचं आम्हाला कधी वाईट वाटलं नाही. खान नदी होती, तिला आम्ही नालाच म्हणायचो. लालबागेतल्या जत्रेत शिंपल्यांचे पडदे विकणारा आणि शंखावर नाव कोरून देणारा एक माणूस यायचा, तेवढा समुद्र आम्हाला पुरत असे. मुंबईला जाऊन आलेले नातेवाईक चौपाटीचं वर्णन करायला लागले की बाबा विचारायचे, "पाणी खारं ना? पिता येत नाही, शेताला देता येत नाही. मग इतकं आहे कशाला?" यावर पाहुणे चहाकडे वळायचे आणि बाबा खूश व्हायचे. पुढे लग्नानंतर मी पहिल्यांदा समुद्रात पाय बुडवून उभी राहिले तेव्हा मला बाबांचा हा प्रश्नच आठवला.

आमचं घर मिलच्या मागच्या गल्लीत होतं. दोन खोल्या, मागे स्वयंपाकघर आणि त्याच्यापुढे एक अंगण, ज्यात तुळस, आईच्या पापडांची खाट आणि बाबांची सायकल यांची जागेवरून कायम भांडणं चालत. घरात माणसं चार. मी, तेव्हा कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला. आई, जी देवासची. बाबा, मिलच्या विणकाम खात्यात जॉबर, म्हणजे साचे, कापड विणायचे माग, बिघडले की ते चालते करून देणारे आणि साच्यांवरच्या कामगारांवर नजर ठेवणारे. आणि बाबांची मोठी बहीण, माझी आत्या. ती तरुणपणीच विधवा होऊन माहेरी आली होती आणि आल्या दिवसापासून तिनं घराचा ताबा घेतला होता, असं आई हसत हसत म्हणायची. बाबा तिला अक्का म्हणत आणि तिच्यासमोर पाय पसरून बसत नसत.

विणकाम खात्यात साच्यांचा इतका गोंगाट असायचा की तिथली माणसं एकतर ओरडून बोलत, नाहीतर नुसते ओठ हलवून. बाबांना दोन्ही येत होतं. घरी ते मीठसुद्धा असं मागायचे की गल्लीच्या टोकापर्यंत कळावं आज आमटी अळणी झालीय. आणि ओठ वाचण्याची विद्या ते समोरच्या ओट्यावरच्या बायकांवर वापरायचे. समोरच्या कमलाबाई शेजारणीशी काय कुजबुजताहेत ते आमच्या खिडकीतून आईला जसंच्या तसं सांगायचे. आई म्हणायची, "अहो, शोभतं का हे?" आणि मग हळूच, "पुढे काय म्हणाली?"

मिल बंद झाली ती एका दिवसात नाही. आधी रात्रपाळी गेली, मग खाती एकेक करून थांबली, आणि एका सकाळी भोंगा झालाच नाही. आमच्या गल्लीत घड्याळं होती, पण ती कोणी बघत नसे. दूध तापवायचं भोंग्यावर, मुलांना उठवायचं भोंग्यावर. त्या सकाळी सगळ्या घरांत चहाला उशीर झाला. बाबा मात्र रोजच्या वेळी आंघोळ करून, इस्त्रीचा शर्ट घालून तयार असायचे. मग मिलच्या फाटकावर जायचे, तिथं त्यांच्यासारखेच इस्त्रीचे शर्ट घालून उभे असलेल्यांशी बोलायचे आणि दुपारी बातमी घेऊन यायचे. आज काय, तर दिल्लीहून कोणी येणार आहे. उद्या काय, तर कोणी नवा मालक गाडीतून फाटक बघून गेला. त्या दिवसांत पेपरात रोज लिहून यायचं की देश खुला होतोय, बाजार खुला होतोय. राजवाड्याजवळच्या दुकानांत कधी न पाहिलेले शांपू आणि बिस्किटं मांडलेली असायची, शेजारच्या घरात टीव्हीवर रोज नवं चॅनल लागायचं. सगळं खुलं होत होतं, एक आमची मिल सोडून. आणि बाबांचा आवाज हळूहळू खाली येत गेला. आता ते मीठ मागायचे तेव्हा शेजारी बसलेल्या मलासुद्धा पुन्हा विचारावं लागायचं. त्याचं मला जितकं वाईट वाटलं तितकं मिल बंद झाल्याचंही वाटलं नव्हतं.

तरीही ते दिवस दुःखाचे होते असं मी म्हणणार नाही. आत्यामुळे म्हणता येणार नाही. दुपारची भांडी झाली की आत्या अंगणातल्या सावलीत पचिशीचा पट अंथरायची. मखमली, अधिक चिन्हाच्या आकाराचा, कडेला जरीचा धागा अजून कुठे कुठे टिकलेला. आमचे पूर्वज होळकरांच्या पागेत होते, म्हणजे घोडदळात, आणि त्या सगळ्या शौर्यातून आमच्या वाट्याला आलेली एकमेव वस्तू म्हणजे हा पट, असं बाबा म्हणायचे. सोंगट्या लाकडी होत्या. दान टाकायला कवड्या लागतात, त्यातली एक कधीतरी फुटली होती आणि तिच्या जागी आत्या अर्धा फोडलेला चिंचोका वापरायची. जितक्या कवड्या उताण्या, म्हणजे तोंड वर करून पडतील, तितकी घरं पुढे जायचं. समोर बहुतेक वेळा कमलाबाई असायच्या, कारण आत्यापुढे रोज हरायची तयारी दुसऱ्या कोणाची नव्हती.

अशात एकदा मामा आला. हा आईचा धाकटा भाऊ, देवास सोडून कोकणच्या किनाऱ्यावर नोकरीला गेलेला. एका कंपनीच्या बार्जवर तो क्रेन चालवायचा. बंदराच्या तोंडाशी साचलेला गाळ काढायचं काम होतं. आल्या आल्या त्यानं आईला आमसुलं दिली, बाबांना सुकवलेली मासळी दाखवून आत्याच्या भीतीनं परत पिशवीत टाकली आणि मग खिशातून कागदाची पुडी काढून आत्यासमोर ठेवली. आत एक कवडी होती. मळकट पिवळी, चमक गेलेली, पण अखंड.

"जिजाजी, ही साधी कवडी नाही हां," मामा म्हणाला. "गाळ काढता काढता खाली पुरं जहाज लागलं. लाकडी, गोऱ्यांच्या टाइमचं, व्यापाराचं. तळात काय, तर कवड्याच कवड्या. पोती सडून गेलेली, कवड्या तशाच."

"जहाज भरून कवड्या?" बाबांनी विचारलं. "पचिशी खेळायला चालले होते काय?"

"पैसा होता तो तेव्हाचा. बेटांवरून भरून आणायचे आणि इकडे त्याच्यावर माल घ्यायचे. सरकारी साहेब आले, सगळ्या मोजून पेट्यांत घालून घेऊन गेले. ज्यांच्या आत गाळ जाऊन दगड झालाय ना, त्या त्यांनी बाजूला काढल्या, म्हणाले या नकोत, पाहिजे तर ठेवा. मी म्हटलं, आत्याबाईंच्या पटाला एक कमी आहे."

बाबांनी ती तळहातावर घेतली. त्याच आठवड्यात मिलमधले काही साचे भंगारवाल्यानं उचलले होते आणि फाटकावर सगळे म्हणत होते की कवडीमोल भावात गेले. बाबा म्हणाले, "म्हणजे कवडीमोल हा काही वाईट भाव नव्हता एके काळी." आणि मिल बंद झाल्यापासून पहिल्यांदा स्वतःच्याच बोलण्यावर थोडेसे हसले. मामाला इतका आनंद झाला की तो ठरल्यापेक्षा एक दिवस जास्त राहिला. त्या दिवशी आईनं भुट्ट्याचा किस केला, मक्याची कोवळी कणसं किसून, दुधात शिजवून, वर खोबरं आणि कोथिंबीर. मामा बार्जवरच्या जेवणाच्या आठवणीनं ताटली पुसून पुसून खात होता.

कवडीची गंमत आत्याच्या लक्षात पहिल्याच दुपारी आली असणार. माझ्या लक्षात यायला आठवडा गेला. ती कधीच पालथी पडायची नाही. आत गेलेला गाळ तिच्या फुगीर पाठीत बसून घट्ट झाला होता, त्यामुळे पाठ जड. कशीही फेका, दोन कोलांट्या मारून ती तोंड वर करूनच थांबायची. म्हणजे प्रत्येक दानात एक घर फुकट. आता प्रामाणिक माणसानं ती सगळ्यांना वापरू दिली असती. आत्यानं काय करावं? तिनं कमलाबाईंना सांगितलं की ही कवडी समुद्रातून आलेली, हिला आमच्या घरचाच हात लागला पाहिजे, नाहीतर देवी कोपते. त्यामुळे आत्याच्या दानाला जहाजाची कवडी आणि कमलाबाईंच्या दानाला चिंचोका. कमलाबाई बिचाऱ्या देवभोळ्या. त्या हात जोडून चिंचोका उचलायच्या आणि हरल्यावर म्हणायच्या, "आत्याजी, या कौड़ी तो तमारी ही बात माने." आत्या गंभीर चेहऱ्यानं मान डोलवायची. मी आत जाऊन ओढणीत तोंड खुपसून हसायचे.

त्याच सुमाराला कमलाबाईंनी वरची खोली दोन मुलींना भाड्यानं दिली. सागर जिल्ह्यातल्या होत्या, कसल्याशा परीक्षेच्या क्लासला आलेल्या. आमच्या भागात तेव्हा असे क्लास निघायला लागले होते आणि बाहेरगावची मुलं पाठीवर पिशव्या घेऊन खोल्या शोधत हिंडायची. या दोघी सकाळी ठेल्यावरचे पोहे खायच्या, रात्री डबलरोटी. एकदा आईनं त्यांना बोलावून गरम पोळी, वांग्याची भाजी आणि वरणभात वाढला. त्यातली एक जेवता जेवता रडायला लागली. दुसरी म्हणाली, "आंटीजी, आप रोज खिला दोगे क्या? हम पैसे देंगे, और भी लड़कियाँ हैं हमारी क्लास की."

त्याच संध्याकाळी आईनं माळ्यावरची मोठी पातेली खाली काढून चिंचेनं घासली. मी तिला विचारलं तर म्हणाली, "काळी पडली होती." दुसऱ्या दिवशी तिनं अंगणातली पापडांची खाट उचलून भिंतीला लावली आणि किती माणसं मांडी घालून बसतील ते स्वतः बसून पाहिलं. आईला मी आयुष्यात काही मागताना पाहिलं नव्हतं. साडीसुद्धा बाबा आणतील ती. ही एकच गोष्ट तिला हवी होती, आणि ती इतकी हवी होती की तिच्या हातातून त्या दिवसांत वस्तू पडायच्या.

एका रात्री तिनं बाबांकडे खानावळीचा विषय काढला. बाबांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "आपल्या घरात माणसं पानावर बसवून जेवू घालतात. पैसे घेऊन नाही."

"पागेतले लोक जेवत नव्हते काय पगार घेऊन?" आत्यानं विचारलं.

"अक्का, तसं नाही. मिल काही ऐसीच थोडी बंद राहणार आहे. सरकार काहीतरी करेल ना. आणि मिल सुरू झाली की मग या मुलींना काय सांगायचं, उद्यापासून येऊ नका?"

इथं खरी गोष्ट होती. खानावळीला हो म्हणायचं म्हणजे मिल गेली असं म्हणायचं. हे शब्द आमच्या घरात अजून कोणी उच्चारले नव्हते. आईनं त्या दिवसापासून विषय काढला नाही, पण ती गप्प झाली आणि तिची गप्प राहायची तऱ्हा अशी होती की पोळ्यासुद्धा फुगायच्या बंद झाल्या. मुलींनी दोनदा येऊन विचारलं. त्यांच्या क्लासपाशी दुसऱ्या कोणाची तरी मेस निघत होती.

शेवटी आत्यानं कौल लावायचं सुचवलं. आमची कुलस्वामिनी तुळजापूरची भवानी. मोठी गोष्ट ठरेनाशी झाली की तिच्यापुढे कवडी टाकून विचारायची पद्धत घराण्यात होती. रीत एकच. ज्याचा प्रश्न असेल त्यानं हातात कवडी घेऊन मोठ्यानं सांगायचं, अशी पडली तर हे, तशी पडली तर ते. मग पडेल ते सगळ्यांनी मानायचं. बाबांनी शंका काढली की खेळातल्या कवडीनं देवीला विचारायचं का. आत्या म्हणाली, "खेळातल्या नाहीच चालत. पण खेळताना जहाजाच्या कवडीला माझ्याशिवाय कोणाचा हात लागलाय? दुधानं धुतली की झालं." मला तिच्या हुशारीचं इतकं कौतुक वाटलं की मी तिच्याकडे बघायचंच टाळलं. तिचा हिशोब सरळ होता. उताणी म्हणजे होकार, लहान मूलही असंच म्हणतं. बाबाही असंच म्हणणार, आणि कवडी उताणीच पडणार.

मंगळवारी सकाळी आंघोळी झाल्यावर आम्ही देवघरापुढे बसलो. देवघर म्हणजे भिंतीतला कोनाडाच, पण आईनं झेंडूची माळ लावली होती. आत्यानं पाटावर कोरं कापड अंथरलं. आई जरा मागे, स्वयंपाकघराच्या दाराला टेकून उभी होती, हाताला पीठ तसंच. बाबांनी डोळे मिटून हात जोडले, कवडी उचलली आणि मग बऱ्याच दिवसांनी त्यांच्या जुन्या, साच्यांवरून ऐकू जाणाऱ्या आवाजात म्हणाले,

"आई जगदंबे, तोंड उघडं ठेवून पडली तर मिल उघडणार, आम्ही वाट बघू. पालथी पडली तर मिल संपली, खानावळ काढू."

आत्याचा हात तोंडावर गेला. बाबांचं चूक काहीच नव्हतं. त्यांच्या मनात प्रश्न खानावळीचा नव्हताच, मिलचा होता, आणि उघडं तोंड म्हणजे उघडं फाटक यापेक्षा सरळ अर्थ कोणता असणार? पण आता काही करता येत नव्हतं. शब्द गेला होता. कवडी पाटावर पडली, दोन कोलांट्या मारल्या आणि तोंड वर करून थांबली.

बाबांचा चेहरा असा उजळला की मला तो अजून डोळ्यांसमोर दिसतो. "अक्का, बघ," ते म्हणाले. "बघ, म्हटलं नव्हतं मी?" त्यांनी पाटाला डोकं टेकवलं. आत्याची पंचाईत झाली. बोलावं तर आपलं कपट उघडं पडतं, न बोलावं तर हा माणूस एका जड कवडीच्या भरवशावर किती वर्षं फाटकावर उभा राहील कोण जाणे. तिचे ओठ हलत होते, पण आवाज फुटत नव्हता. बाबा ओठ वाचणारे खरे, पण तेव्हा ते तिच्याकडे बघतच नव्हते.

"अहो," दारातून आई म्हणाली, "परत टाका."

"परत टाकत नसतात. देवीनं एकदा सांगितलं."

"टाका तर खरं. माझ्यासाठी."

बाबांनी नाखुशीनं टाकली. उताणी. आई म्हणाली, अजून एकदा. उताणी. मग तिनं काही सांगायची गरज पडली नाही. जन्मभर बिघडलेल्या यंत्रात हात घातलेला माणूस तो, त्यानं स्वतःच कवडी वेगवेगळ्या उंचीवरून टाकायला सुरुवात केली. जोरात, हळू, तिरकी, उलटी धरून. प्रत्येक वेळी ती फिरून तोंड वर करायची. शेवटी त्यांनी ती कानाशी हलवून पाहिली, बोटावर तोलली आणि आत्याकडे वळले.

"अक्का, ही नेहमीच अशी पडते?"

"नेहमीच," आत्या म्हणाली. मान खाली घालून, पण मग राहवलं नाही म्हणून, "कमलेला सांगू नकोस. ती मला घरात घेणार नाही."

"आणि तुला कधीपासून माहीत?" बाबांनी आईला विचारलं.

"मी रोज दुपारी इथंच तर बसते तांदूळ निवडत. वन्संना वाटतं मला पचिशीतलं काही कळत नाही."

आधी मी हसले. मग आत्या. बाबा हसले नाहीत. ते हातातल्या कवडीकडे बघत म्हणाले, "म्हणजे देवीनं काहीच सांगितलं नाही."

आई पुढे आली. पिठाचे हात तसेच समोर धरून ती त्यांच्यासमोर पाटाच्या पलीकडे बसली. त्यांना कधी थेट प्रश्न न विचारणारी माझी आई म्हणाली, "तिला कशाला त्रास? रोज फाटकावर तुम्ही जाता. तुम्ही सांगा. उघडणार आहे का मिल?"

बाहेर कमलाबाईंच्या जिन्यावरून त्या दोन मुलींच्या चपला वाजल्या, त्या क्लासला निघाल्या होत्या. आम्ही तिघी बाबांकडे बघत होतो. त्यांनी कवडी पाटावर ठेवली, टाकली नाही, हातानं नीट ठेवली.

"नाही," ते म्हणाले. "साचेच विकले त्यांनी. आता काय उघडणार."

आईनं मनगटानं डोळे पुसले, त्यामुळे कपाळाला पीठ लागलं. बाबा बराच वेळ तिच्या कपाळाकडे बघत राहिले. मग म्हणाले,

"तू वरणात गूळ घालतेस. ती सागरकडची पोरं, त्यांना चालणार नाही गोड वरण. तिकडे तसं खात नाहीत."

"घालणार," आई म्हणाली. "जेवायला माझ्याकडे येणार आहेत ना त्या."